खालच्या दाढेचा कानमंत्र

पोरी, इंटर्नशिप संपली, हैदराबादच्या गौलीगुड्यात दवाखाना थाटतेस, चांगलं झालं. आता चार गोष्टी सांगतो, पदराला गाठ मारून ठेव.

वरच्या जबड्याची भूल तुला जमते. तिथलं हाड पातळ, हिरडीत औषध सोडलं की मुळापर्यंत झिरपतं. खालच्या मागच्या दाढांभोवती हाड टणक असतं, औषध आत शिरत नाही. म्हणून नस हाडात शिरते त्या तोंडाशीच, जबड्याच्या आतल्या अंगाला, तिला गाठावं लागतं. हाच तो ब्लॉक. १८८४ साली अमेरिकेत हालस्टेड या सर्जनने कोकेन वापरून हा ब्लॉक दिला. पुढे प्रोकेन आलं, १९४८ पासून लिग्नोकेन बाजारात आलं, पण सुईची वाट तीच राहिली. शंभरातले पंधरा-वीस ब्लॉक आजही फसतात. फसला की लोक वायलला नावं ठेवतात. औषध बहुधा चांगलंच असतं, सुई भलतीकडे गेलेली असते.

आधी बोटाने जागा शोध. शेवटच्या दाढेच्या मागे अंगठा सरकवलास की हाडाची उभी कड लागते. तिच्यावर सगळ्यांत खोल खळगा जिथे लागेल तो कोरोनॉइड नॉच. अंगठा तिथेच रोवून गाल बाहेर ताण. आतल्या बाजूला एक उभी घडी ताठ होऊन दिसेल, ती टेरिगोमँडिब्युलर रॅफे. नख आणि घडी यांच्यामधल्या खोलगट जागेत, दाढांच्या चावायच्या पातळीपासून ६ ते १० मिलिमीटर वर सुई टोचायची. सिरिंज पलीकडच्या बाजूच्या प्रीमोलरांवरून आली पाहिजे.

मग हाडाला टेक. मोठ्या माणसात २० ते २५ मिलिमीटर आत गेल्यावर हाड लागतं. अर्ध्या वाटेतच लागलं तर सुई फार पुढे आहे: जराशी मागे घे, सिरिंज पलीकडच्या सुळ्याकडे आण आणि पुन्हा आत जा. हाड लागतच नसेल तर फार मागे गेलीस. तिथे औषध सोडलंस तर ते पॅरोटिड ग्रंथीत जाईल, चेहऱ्याची नस बधिर होईल आणि माणसाला काही तास त्या बाजूचा डोळा मिटता येणार नाही. अशा वेळी सिरिंज पलीकडच्या दाढांकडे ने. हाड लागलं की मिलिमीटरभर मागे ये, दट्ट्या ओढून रक्त येतंय का पाहा. या ब्लॉकमध्ये दहा-पंधरा टक्के वेळा येतंच. मग मिनिटभर घेऊन दीड एमएल सोड. सुई निम्मी बाहेर काढून थोडं औषध जिभेच्या नसेला दे. दाढ काढायची असेल तर गालाच्या नसेचं इंजेक्शन वेगळं द्यावं लागतं, शेवटच्या दाढेच्या मागे-बाहेर. सुई मुठीपर्यंत कधीही बुडवू नकोस, तुटली तर धरायला टोक उरलं पाहिजे.

मग थांब, निदान पाच मिनिटं. या वेळात पेशंटला ‘बधिर झालं ना?’ असं विचारशील तर खुर्चीत घाबरून बसलेला माणूस ‘हौ’च म्हणणार. ‘कुठं कुठं जड वाटतंय?’ असं विचार. नुसती जीभ म्हणाला तर नुसती जिभेची नस सापडलीय. खालचा ओठ मध्यापर्यंत जड हवा. त्यावरही विसंबू नकोस, प्रोब घेऊन दाढेच्या दोन्ही बाजूंची हिरडी टोचून बघ.

रात्रभर ठणकलेली दाढ ओठ जड होऊनही दुखते, कारण सुजलेल्या जागी औषध नीट लागू पडत नाही. तेव्हा पहिल्या दाढेशेजारी गालाच्या बाजूने ४ टक्के आर्टिकेन दे, जिभेच्या बाजूने मायलोहायॉइड नसेसाठी थोडं दे, किंवा मुळाशेजारच्या लिगामेंटमध्ये दे.

इथे तुझ्याकडे गुटखा-सुपारीची तोंडंही येणार. दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत, अंगठा कुठून रोवणार? अशा वेळी तोंड मिटूनच ब्लॉक दे. सुंदर वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. गाल बाजूला कर, सिरिंज वरच्या दातांच्या पातळीला समांतर धर, वरच्या शेवटच्या दाढेच्या हिरडीच्या उंचीवरून सुई सुमारे २५ मिलिमीटर आत जाऊ दे. इथे हाडाला टेकायचं नाही, म्हणून खोलीचा अंदाज नजरेत पक्का हवा.

मात्रा वजनावर ठरव. २ टक्के लिग्नोकेनच्या एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं. मुलांत किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धर, म्हणजे १२ किलोच्या पोराला अडीच एमएलपर्यंत. लहानांत नसेचं तोंड खाली असतं, म्हणून सुई दाढांच्या पातळीलाच टोच. घरी जाताना आईला बजाव, ओठ चावू देऊ नका. हृदयाच्या पेशंटला एकास ऐंशी हजार अॅड्रिनलिनवालं औषध तीन एमएलच्या आतच पुरव.

भुलीचा वाद या गावाला नवा नाही. सहाव्या निजामाच्या पैशावर १८८८ आणि १८८९ साली इथे दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. रेसिडेन्सी सर्जन लॉरी यांचं म्हणणं होतं, श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. पुढे सिद्ध झालं की क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी थांबू शकतं. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की सगळा माणूस बघायचा. नांदेड-बीदरहून सकाळच्या बसने उपाशी आलेला पेशंट सुई बघूनच पांढरा पडतो. आधी विचार, काही खाल्लंय का. घाम फुटला, चेहरा उतरला की खुर्ची आडवी कर, पाय वर घे, बाकी सगळं नंतर.

आणि पेशंट दुखतंय म्हणाला तर त्याचं खरं मान. पुन्हा तपास, मात्रा बघून पुन्हा दे, नाहीच जमलं तर औषध लिहून चार दिवसांनी बोलाव. बधिर न झालेली दाढ ओढायची नाही, एवढं पाळ.