चाकाचे स्टड लांब हवेत?

प्रश्न : स्विफ्टला ५ मिमीचे स्पेसर बसवल्यापासून चाकाचे नट पाच-सहा आटेच धरतात. लांब स्टड टाकावेत का?

उत्तर : हो, पण तोवर स्पेसर काढून ठेवा. एवढ्या पकडीवर गाडी चालवणं धोक्याचं आहे. नटाची पकड निदान स्टडच्या व्यासाइतकी हवी. तुमचा स्टड १२ मिमीचा, पिच १.२५; म्हणजे जवळपास १० आटे. नवा स्टड घेताना पिच आणि मुळाजवळच्या दातेरी भागाचा व्यास जुन्याशी जुळवा. तो सैल बसला, तर स्टड हबमध्येच फिरतो. स्टड प्रेसवरच बसवून घ्या, हातोड्याने ठोकू देऊ नका. नट टॉर्क रेंचने आवळा आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.