गणवेश आणि सीरुडै : शालेय वेशाच्या दोन संज्ञा

चेन्नईतील त्यागरायनगर, म्हणजेच टी. नगर, ही कापडाची मोठी पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी येथे रेशमी साड्यांच्या जोडीने शालेय पोशाखाचीही खरेदी चालते. या पोशाखाला तमिळमध्ये ‘सीरुडै’ म्हणतात. मराठीत ‘गणवेश’ ही संज्ञा रूढ आहे. या दोन शब्दांतून शालेय वेशाविषयीच्या कोणत्या अपेक्षा व्यक्त होतात, आणि विद्यार्थ्याच्या शालेय जीवनातील सहभागाशी त्यांचा संबंध कसा पोचतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘गणवेश’ म्हणजे गणाचा वेश. येथे भर समुदायावर आहे. वेश धारण करणारा त्या गणाचा घटक ठरतो. ‘सीरुडै’ या शब्दात ‘उडै’ म्हणजे वस्त्र, आणि ‘सीर’ म्हणजे सुव्यवस्था, नीटसपणा. येथे भर शिस्तीवर आहे. विशेष असे की, ही दोन्ही पूर्वपदे आपापल्या छंदःशास्त्रातही पारिभाषिक संज्ञा म्हणून येतात. अक्षरगणवृत्तांत तीन अक्षरांचा एक गण होतो. आठ गणांपैकी ‘म’ आणि ‘न’ हे दोन वगळले, तर उरलेल्या सहांत लघू व गुरू अक्षरे शेजारी नांदतात. तमिळ छंदःशास्त्रात ‘असै’ या घटकांपासून ‘सीर’ बनतो, आणि सीरांना जोडणाऱ्या संबंधाला ‘तळै’ म्हणतात. व्यवहारात मात्र तळै म्हणजे बंधन, बेडीसुद्धा. वेशाची नावे छंदःशास्त्रातून आली, असे सुचवावयाचे नाही. परंतु हे साम्य प्रस्तुत प्रश्नावर प्रकाश टाकते. गणात बसण्यासाठी लघू अक्षराला गुरू व्हावे लागत नाही. आणि जो दुवा जोडतो, तोच प्रसंगी जखडतोही.

लघू अक्षराला गणात स्थान कसे मिळाले, याचा इतिहास टी. नगरच्या नावापासूनच पाहता येतो. हे नाव जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्यावरून पडले. ते मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असताना, १९२० साली, गरीब मुले शाळेत टिकावीत म्हणून थाउजंड लाइट्स भागातील महापालिका शाळेत अल्पोपाहार देण्याचे ठरले. पुढे कामराज यांच्या कारकिर्दीत (१९५४–६३) मध्याह्न भोजन राज्यभर पसरले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला पोषक आहार योजनेचे रूप दिले, आणि १९८५ पासून त्या योजनेतील मुलांना विनामूल्य गणवेश मिळू लागला. २०१२–१३ पासून वर्षाला चार जोड दिले जाऊ लागले. यासाठी विणकरांच्या सहकारी संस्थांचे कापड आणि स्त्रियांच्या सहकारी संस्थांची शिलाई उपयोगात आणली जाते. या क्रमाचे महत्त्व असे की, वेश ही अन्नासारखीच शाळेत येण्यासाठीची मूलभूत गरज मानली गेली. ज्याची अपेक्षा शाळा करते, त्याची तरतूद समाजाने करावी, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे.

तथापि वेश एक झाला म्हणून गण एक होतोच, असे नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर व त्याच्या बहिणीवर हल्ला झाला. हल्लेखोरांत त्याच्याच शाळेतील मुले होती. यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला. मनगटावरील रंगीत धागे, अंगठ्या आणि कपाळावरील खुणा यांना शाळेत बंदी असावी, अशी शिफारस त्यात आहे. वस्त्रातून काढलेला भेद मनगटावर जाऊन बसला होता. ‘सीर’ साधला होता; ‘गण’ घडला नव्हता.

महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. २०२४–२५ या वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ हे धोरण अंमलात आले. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी कापड एकत्र खरेदी करून शिलाईचे काम महिला बचत गटांकडे सोपविण्यात आले. अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोचले नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्यात आला. पालक ज्या समितीत बसतात, तिला मुलाच्या अंगाचे माप ठाऊक असते. एकरूपतेचा आग्रह राज्यभर धरता येतो. माप मात्र गावातच घ्यावे लागते.

सहभागाचा प्रश्न येथेच येऊन ठेपतो. प्रार्थनेची रांग, कवायत, स्नेहसंमेलन, सहल हे शालेय जीवनाचे प्रसंग वेशाची अपेक्षा धरूनच घडतात. पांढरे बूट नाहीत म्हणून रांगेबाहेर उभे केलेले मूल त्या दिवशी धडा चुकवीत नाही. ते गण चुकविते. शिवाय असे उभे करणे हा मानसिक छळच आहे, आणि शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) १७ व्या कलमाने त्यास मनाई आहे. यावरून एक कसोटी सुचते: गणवेशाची सक्ती करणाऱ्या शाळेने, तो नसलेल्या मुलाचे काय होते, हे आधी सांगावे. ते मूल त्या दिवशीही रांगेत, मैदानात आणि रंगमंचावर असेल, तर तो गणाचा वेश होय. ते बाहेर राहत असेल, तर दुवा नाहीसा होऊन केवळ बेडी उरते. शब्द मराठी असो वा तमिळ.