तोदाइजीची नोंदवही : जपानमधील एका प्राचीन विहाराची वंदनापद्धती

बौद्ध धम्म भारतातून मध्य आशिया, चीन आणि कोरिया या मार्गाने इसवी सनाच्या सहाव्या शतकात जपानमध्ये पोहोचला. आठव्या शतकात नारा हे नगर जपानची राजधानी होते आणि तोदाइजी हे तेथील सर्वांत मोठे विहार होते. आज ते जागतिक वारसास्थळ आहे. आपल्या वसतिगृहांत, विहारांत आणि घरांत नित्य बुद्धवंदना होते. परंतु वंदना म्हणजे नेमके काय, तिच्यात मागणे असावे की नसावे, हा प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात. साडेबारा शतकांची अखंड परंपरा असलेल्या तोदाइजीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

मूर्तीमागील माणसे

इ.स. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने जपानमध्ये असंख्य माणसे दगावली. दुष्काळ आणि बंड यांचीही त्यात भर पडली. अशा काळात सम्राट शोमू याने ७४३ मध्ये वैरोचन बुद्धाची महामूर्ती घडविण्याची घोषणा केली. ज्याला गवताची एक काडी किंवा मूठभर माती देता येईल, त्याचेही दान स्वीकारावे, आणि अधिकाऱ्यांनी या कामासाठी प्रजेला त्रास देऊ नये, असे त्या घोषणेत म्हटले होते. प्रत्यक्षात मात्र या बांधकामाने लोक पिचले, अशी तक्रार ७५७ मधील एका कटाच्या चौकशीत नोंदली गेली आहे. सम्राटाचा शब्द आणि प्रजेचा अनुभव यांतील हे अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

या कामासाठी सामान्य जनतेला संघटित केले ते भिक्खू ग्योकी यांनी. पूल, तलाव, कालवे आणि प्रवाशांसाठी निवारे बांधीत ते गावोगाव धम्म सांगत. भिक्खूंनी विहारातच राहावे, असा राजाज्ञेचा दंडक असल्यामुळे ७१७ मध्ये दरबाराने त्यांचा नावानिशी निषेध केला होता. त्याच दरबाराला ७४५ मध्ये त्यांना सर्वोच्च धर्मपद द्यावे लागले. भिक्खू हा केवळ स्वतःची पूर्णता साधणारा पुरुष की समाजसेवक, असा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केला आहे. ग्योकींचे जीवन हे त्या प्रश्नाचे एक ऐतिहासिक उत्तर ठरते.

७५२ मध्ये मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला. मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान ७३६ मध्ये जपानला आलेल्या बोधिसेन या भारतीय भिक्खूंना मिळाला. त्यांच्या हातातील कुंचल्याला लांब रेशमी दोरी बांधलेली होती. ती उपस्थितांनी धरली आणि डोळे रेखण्याच्या कृतीत सहभाग घेतला. तो कुंचला आणि ती दोरी आजही शोसोइन या भांडारात जतन केलेली आहेत.

विहारातील वंदना

दक्षिण महाद्वारात दोन्ही बाजूंना साडेआठ मीटर उंचीच्या काष्ठमूर्ती उभ्या आहेत. उनकेई, काईकेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या १२०३ मध्ये कोरल्या. महाद्वार ओलांडून गेल्यावर महामंदिर दिसते. मूळ वास्तू ११८० आणि १५६७ मधील युद्धांत जळाली. सध्याची १७०९ मध्ये पूर्ण झाली. ती मूळ वास्तूपेक्षा बरीच अरुंद असूनही जगातील प्रचंड लाकडी इमारतींत तिची गणना होते. आतील कांस्यमूर्ती सुमारे पंधरा मीटर उंच आहे.

वंदनेची रीत साधी आहे. उपासक हात धुतो, धूपदानात अगरबत्ती लावतो, दानपेटीत नाणे टाकतो, हात जोडून क्षणभर स्तब्ध राहतो आणि मस्तक लववून मागे सरतो. शिंतो देवस्थानात टाळ्या वाजविण्याची प्रथा आहे. बुद्धमंदिरात टाळी वाजवीत नाहीत. गर्दी असली तरी ढकलाढकली नसते आणि कोणाची जातकुळी विचारणारा पुजारी वाटेत उभा नसतो. अनेक उपासक सोबत वही आणतात आणि मंदिराचा हस्तलिखित शिक्का तीत घेतात.

मंदिराबाहेर उजव्या हाताला बिंझुरु यांची लाकडी मूर्ती आहे. आपले जे अंग दुखते, तेच अंग मूर्तीचे चोळले तर आराम पडतो, अशी लोकांची समजूत आहे. बिंझुरु म्हणजे पालि साहित्यातील पिंडोल भारद्वाज. राजगृहात उंचावर ठेवलेले चंदनाचे पात्र ऋद्धिबळाने मिळविल्याबद्दल भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि असे चमत्कार दाखविण्यास भिक्खूंना मनाई केली, असे विनयपिटक सांगते. चमत्कारासाठी ज्यांना दोष मिळाला, त्यांच्याकडेच लोक आज चमत्कार मागतात! दुखणाऱ्या माणसाची आम्ही थट्टा करणार नाही. परंतु बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने या समजुतीचे अनुकरणही करू नये.

नोंदवहीतील अनाम स्त्री

तोदाइजीच्या नीगात्सुदो या टेकडीवरील मंदिरात १ ते १४ मार्चपर्यंत ‘शुनिए’ हा विधी होतो. ७५२ पासून तो एकाही वर्षी खंडित झालेला नाही. अकरा भिक्खू एकादशमुख अवलोकितेश्वरापुढे सर्व लोकांच्या वतीने दोषांची कबुली देतात आणि सर्वांच्या सुखाची कामना करतात. याच अवलोकितेश्वराचे अकरा मुखांचे शिल्प मुंबईजवळील कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात आहे.

या विधीत एक मृत्युनोंदवही मोठ्याने वाचली जाते. सम्राट शोमूपासून पुढे, तोदाइजीशी संबंध आलेल्या दिवंगतांची नावे तीत आहेत. तेराव्या शतकातील आख्यायिका अशी की, वाचन चालू असता निळ्या वस्त्रातील एक स्त्री भिक्खूपुढे प्रकटली आणि तिने विचारले, “माझे नाव का वगळले?” भिक्खूंना तिचे नाव ठाऊक नव्हते, त्यांनी ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’ असे वाचले. तेव्हापासून ही नोंद दरवर्षी वाचली जाते.

अशाच नोंदवह्यांची दुसरी बाजूही आपणांस माहीत असली पाहिजे. जपानमध्ये बुराकु समाजाला चामडे आणि मृत जनावरे यांच्या कामावरून शतकानुशतके हीन लेखले गेले. १८७१ मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला, तरी व्यवहारात तो टिकून राहिला. या समाजातील मृतांना अनेक बौद्ध मंदिरांनी हीनत्वदर्शक मरणोत्तर नावे दिली आणि ती नोंदवहीत लिहिली. मरणानंतरही भेद सुटला नाही! ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या समाजाने ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना स्थापिली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची नारा प्रांतातील एका बुद्धमंदिरात जन्मले होते. पाचच वर्षांनी आपल्याकडे महाडचा सत्याग्रह झाला. पुढे १९८० च्या दशकात काही पंथांनी चूक मान्य करून ती नावे दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले.

आपल्यासाठी बोध

बौद्ध म्हणविल्याने समता आपोआप येत नाही. तिच्यासाठी बुद्धमंदिरातही झगडावे लागते, हे जपानचा इतिहास सांगतो. म्हणून वंदना ही याचना नसावी. भगवंतांच्या गुणांचे स्मरण, स्वतःच्या दोषांची तपासणी आणि वगळलेल्यांचा उच्चार, हे तिचे तीन भाग असावेत. पहिला आपण नियमाने करतो. दुसरा आणि तिसरा अजून शिकायचा आहे.

आपल्या संस्था धम्मदानातून उभ्या राहतात. देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जातात आणि स्मरणिकेत छापली जातात, ते योग्यच आहे. पण वसतिगृहाच्या चुलीपुढे राबलेल्या स्त्रिया, रात्री पहारा देणारे कामगार, मूठभर धान्य देणाऱ्या वस्तीतील माता यांची नावे कोणत्या वहीत आहेत? माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या आठवणीतून ती लिहून काढावीत आणि वर्षातून एकदा बुद्धवंदनेनंतर त्यांचे जाहीर वाचन व्हावे, असे आम्ही सुचवितो. ज्यांचे नाव कोणालाच आठवत नाही, त्यांची निदान ओळख तरी उच्चारावी.

नमो बुद्धाय! जय भीम!