टोचलं तर ताप येतो, न टोचलं तर?

बाळाच्या आईबाबांनो,

दीड महिन्याच्या बाळाला टोचून आणलं. रात्री अंग तापलं, मांडी सुजली, पोर रडून रडून थकलं. घरधनी म्हणाले, "चांगलं खेळतं पोर, कशाला नेलंस टोचायला?" आई गप्प बसली. पुढल्या महिन्यात ती केंद्रावर गेलीच नाही.

असं तुमच्याही घरी घडलं असेल. तुमची भीती खोटी नाही. पण ती एकदा नीट तोलून पाहा.

तराजूच्या एका पारड्यात लसीचा त्रास ठेवा. ताप, थोडी सूज, किरकिर. बहुधा एक-दोन दिवसांत हे ओसरते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, खूण राहते. तिच्यावर काही लावू नये. लसीची जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाख डोसांत एखाद्यालाच होते, आणि तीही बहुतेक वेळा लगेच दिसते. म्हणून टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावे.

आता दुसऱ्या पारड्यात रोग ठेवा. घटसर्पाने घसा कोंडतो. डांग्या खोकल्यात तान्ह्याचा श्वास अडकतो. गोवर झालेल्या हजार मुलांत एखाद्याच्या मेंदूला सूज येते. सांगा, कोणते पारडे जड?

देवीच्या रोगाने पूर्वी घरेच्या घरे ओस पडत. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा एकही रोगी सापडला नाही. ही लसीचीच करणी.

तुमचे काम एवढेच :

१) जन्मल्याबरोबर, मग दीड, अडीच, साडेतीन व नऊ महिने पूर्ण होताच, पुढे दीड ते दोन वर्षांत आणि पाच-सहा वर्षांचे झाल्यावर लस द्या.

२) साध्या सर्दी-पडशासाठी लस चुकवू नका. मागच्या लसीनंतर झटके आले असतील किंवा धाप लागली असेल, तर टोचण्याआधी नर्सताईंना सांगा.

३) ताप उतरला नाही, बाळ दूध पिईना किंवा मलूल पडले, तर लगेच दवाखाना गाठा.

४) एखादा डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला डोस घ्या.

५) ऊसतोडीला जाताना लसीचे कार्ड बरोबर घ्या. जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते.

"चार झाली तर दोन जगतील," असं आजी-आजोबा म्हणत. आज त्या धास्तीने पाळणा लांबवायची गरज नाही. दोनच असू द्या, पण दोन्ही धडधाकट वाढवा.

आणि बाबांनो, त्या रात्री बाळ रडलं, तर आईला बोल लावू नका. पोराला तुम्हीही मांडीवर घ्या. लेकरू दोघांचं, जबाबदारीही दोघांची!