डाव्या पायाचा ताल

(इंग्लंडमधील 'डेफ लेपर्ड' या रॉक बँडची ही हकिकत आहे. ऐन उमेदीच्या काळात बँडच्या ड्रमवादकाला एक हात गमवावा लागला. त्यानंतर त्याने काय केले आणि त्याच्या साथीदारांनी काय केले, ते या पाठात सांगितले आहे.)

इंग्लंडमध्ये शेफिल्ड नावाचे शहर आहे. पोलाद आणि सुऱ्या-कात्र्या यांसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. १९७७ साली या शहरातील काही तरुणांनी एक बँड स्थापन केला. जो एलियट गात असे. पीट विलिस गिटार वाजवत असे आणि रिक सॅव्हेज बेस गिटार. पुढे स्टीव्ह क्लार्क हा आणखी एक गिटारवादक त्यांना येऊन मिळाला. बँडचे 'डेफ लेपर्ड' हे नाव जो एलियटला सुचले होते. त्याचा अर्थ 'बहिरा बिबट्या'. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी स्वतःला बहिरे म्हणवून घ्यावे, हीच त्यातली गंमत!

चमच्यांच्या एका जुन्या कारखान्यातील खोलीत त्यांची तालीम चाले. जुलै १९७८ मध्ये त्यांनी आपला पहिला कार्यक्रम केला, तोही एका शाळेत. त्याच वर्षी त्यांना नवा ड्रमवादक हवा होता. त्यांनी जाहिरात दिली. रिक अ‍ॅलन नावाच्या मुलाच्या आईने ती वाचली आणि मुलाच्या वतीने उत्तर पाठवले. रिकची निवड झाली. तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता.

ड्रम कसे वाजवतात, हे येथे समजून घेऊ. आपला तबला दोन हातांनी वाजतो. ड्रमच्या संचाला मात्र दोन्ही हात आणि दोन्ही पाय लागतात. उजव्या पायाने मोठा ड्रम वाजवतात. डाव्या पायाने झांजांची जोडी उघडतात व मिटतात. उजव्या हाताने झांजेवर लय धरतात. डाव्या हाताने 'स्नेअर' नावाच्या ड्रमवर ठोका देतात. हा ठोका म्हणजे रॉक गाण्याचा कणा होय.

१९८० साली बँडची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. १९८३ मध्ये आलेल्या 'पायरोमेनिया'ने अमेरिकेत लाखो श्रोते मिळवले. खपाच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पहिल्या क्रमांकावर तेव्हा मायकेल जॅक्सनची 'थ्रिलर' होती. शेफिल्डची ही मुले आता जगाला माहीत झाली.

आणि मग ३१ डिसेंबर १९८४ हा दिवस उजाडला. शेफिल्डजवळच्या रस्त्यावर रिकच्या मोटारीला अपघात झाला. त्याचा डावा हात खांद्यापासून तुटला. शल्यचिकित्सकांनी तो पुन्हा जोडला. पण जखमेत संसर्ग झाला आणि हात कायमचा काढून टाकावा लागला. रिक एकवीस वर्षांचा होता. ज्या हाताने तो स्नेअरवर ठोका देत असे, तोच हात गेला होता.

बँडपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. नव्या ध्वनिमुद्रिकेचे काम सुरू होते. त्यावर पैसा खर्च होत होता. दुसरा ड्रमवादक मिळणे कठीण नव्हते. पण साथीदारांनी रिकची जागा कोणाला दिली नाही. पुढे वाजवायचे की नाही, हे त्यानेच ठरवावे, असे त्यांनी मानले.

रिक रुग्णालयात पडून होता. पलंगाच्या पायथ्याशी फोमचा एक तुकडा ठेवलेला होता. गाणी ऐकता ऐकता तो त्या तुकड्यावर पायांनी ताल देऊ लागला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की हाताचे काम पाय करू शकेल. ताल हातात नसतो, तो मनात असतो. मनातला ताल बाहेर काढायला डावा पाय शिल्लक होता.

यातून एक नवा ड्रमसंच तयार झाला. तो विजेवर चालणारा होता. डाव्या पायाखाली एका ओळीत पेडल बसवलेले होते. त्यांतील एक दाबले, की स्नेअरचा आवाज ध्वनिवर्धकातून निघे. दुसरे दाबले, की दुसऱ्या ड्रमचा. संच मिळाला, पण तो वाजवणे सोपे नव्हते. जे डाव्या हाताला वर्षानुवर्षांच्या सवयीने येत होते, ते डाव्या पायाला पहिल्यापासून शिकवायचे होते. रिकने प्रयत्नांची शिकस्त केली.

ऑगस्ट १९८६ मध्ये बँडने आयर्लंडमध्ये काही कार्यक्रम ठेवले. खबरदारी म्हणून जेफ रिच हा दुसरा ड्रमवादकही सोबत घेतला होता. दोघे मिळून वाजवत. एके दिवशी जेफला पोहोचायला उशीर झाला. रिकने एकट्यानेच वाजवायला सुरुवात केली आणि ताल कोठेही चुकला नाही. त्यानंतर दुसऱ्या ड्रमवादकाची गरज उरली नाही. १६ ऑगस्टला इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे प्रचंड जनसमुदायापुढे बँड उभा राहिला. जो एलियटने रिकचे नाव घेताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

रखडलेली ध्वनिमुद्रिका अखेर ऑगस्ट १९८७ मध्ये प्रकाशित झाली. तिचे नाव 'हिस्टीरिया'. तिला तीन वर्षांहून अधिक काळ लागला होता. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचायला तिला आणखी जवळजवळ एक वर्ष लागले. जगभरात तिच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

मात्र या बँडची सगळीच कहाणी सुखाची नाही. पीट विलिसला दारूच्या सवयीमुळे १९८२ मध्येच बँड सोडावा लागला होता. स्टीव्ह क्लार्कलाही तेच व्यसन लागले. साथीदारांनी त्याला उपचारांसाठी सहा महिन्यांची रजा दिली. त्याची जागाही राखून ठेवली. परंतु ८ जानेवारी १९९१ रोजी दारू आणि औषधे यांच्या एकत्रित परिणामाने त्याचा मृत्यू झाला. तो केवळ तीस वर्षांचा होता. साथीदारांनी दोघांचीही वाट पाहिली. एक परत आला, एक आला नाही. मित्र हात पुढे करू शकतात. पण काही दुखणी त्यांच्या प्रेमालाही पुरून उरतात.

२००१ साली रिकने पत्नीसह एक संस्था स्थापन केली. मनावर मोठा आघात झालेल्या माणसांना, विशेषतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांना, ड्रमच्या तालातून धीर देण्याचे काम ही संस्था करते. २०१९ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या अमेरिकेतील मानाच्या संस्थेने बँडचा गौरव केला. त्या रात्रीही ड्रमच्या मागे रिक अ‍ॅलनच बसला होता.

शब्दार्थ
तालीम – सराव (उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण)
शिकस्त करणे – सारे बळ लावून प्रयत्न करणे (उर्दूत शिकस्त म्हणजे हार)
कणा – पाठीचे मुख्य हाड, मुख्य आधार
खबरदारी – आधीच घेतलेली काळजी
पुरून उरणे – वरचढ ठरणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बँडची तालीम कोठे चाले?
(आ) स्नेअरवर ठोका कोणत्या हाताने देतात?
(इ) 'हिस्टीरिया' कधी प्रकाशित झाली?
प्र. २. कारणे द्या.
(अ) रिकचा जोडलेला हात पुन्हा काढावा लागला.
(आ) आयर्लंडनंतर दुसऱ्या ड्रमवादकाची गरज उरली नाही.
प्र. ३. 'ताल हातात नसतो, तो मनात असतो.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
प्र. ४. रिकच्या साथीदारांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? पाच-सहा वाक्ये लिहा.
उपक्रम : मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे, पण वेगळ्या अर्थाने वापरले जाणारे आणखी तीन शब्द शोधून वहीत लिहा.