लाकूड फोडण्याचे घरगुती द्रवचालित यंत्र

पाऊस तोंडावर आला की गोव्यातील खेड्यापाड्यांत जी अनेक कामे एकाच वेळी अंगावर येतात, त्यांत सरपणाची बेगमी हे एक जिकिरीचे काम होय. घरोघरी गॅसच्या शेगड्या आल्या असल्या, तरी पोदेराची भट्टी, काजूच्या हंगामातील दारूची भट्टी, लग्नकार्याची चूल आणि गावची स्मशानभूमी यांना लाकडावाचून अद्याप चालत नाही. लाकूड मिळते; परंतु ते फोडणारे हात दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आहेत. ज्यांनी आयुष्यभर कुऱ्हाड चालविली, त्यांचे खांदे आता थकले आहेत आणि तरुण पिढीला त्या कामाची सवय राहिलेली नाही. अशा परिस्थितीत घरच्या कार्यशाळेत, थोड्याफार अवजारांच्या साहाय्याने, तेलाच्या दाबावर चालणारे लाकूड फोडण्याचे यंत्र कसे तयार करता येते, याची माहिती देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही माहिती पुस्तकी नाही. फोंडा तालुक्यातील एका गावी आमचे एक मावसभाऊ राहतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांनी खाणींवरील अवजड यंत्रांच्या दुरुस्तीत उमेदीची वर्षे घालविली. २०१२ साली राज्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा ते घरी परतले आणि घरामागील पडवीत त्यांनी एक लहानशी कार्यशाळा उभी केली. पुढच्याच वर्षी त्यांनी हे यंत्र बनविले. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. यंत्राच्या बाबतीत त्याचे ज्ञान बेताचेच. त्यामुळे लेख लिहिण्याची परवानगी मागताच दादांनी एक अट घातली : "यंत्राविषयी लिही, माझी हरकत नाही. पण बोटाविषयी आधी लिही."

एका बोटाची हकीकत

दादांच्या पहिल्या यंत्राची तुळई, म्हणजे ज्यावर सर्व यंत्र बसविलेले असते तो लोखंडी गर्डर, १५० मि.मी. उंचीची होती. भंगारात ती स्वस्त मिळाली, म्हणून तीच वापरली. महिनाभर काम उत्तम चालले. त्यानंतर तुळई मधोमध किंचित वाकली. ती इतकी थोडी वाकली होती की डोळ्यांना दिसू नये. परंतु त्यामुळे ओंडक्याला ढकलणारी पट्टी तिरपी झाली आणि दाब येताच ओंडका वर उचलला जाऊ लागला. म्हणून दादांचा मुलगा ओंडका हाताने दाबून धरू लागला आणि दादा कळ ओढू लागले. एके सायंकाळी ओंडका सरकला. मुलाचा हात पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये गेला आणि डाव्या हाताच्या तर्जनीचे एक पेर कायमचे गेले.

या हकीकतीत दोन चुका आहेत. पहिली हिशेबाची आणि दुसरी रीतीची. तुळई अशक्त होती, ही हिशेबाची चूक. एकाच्या हाती कळ आणि दुसऱ्याचा हात लाकडावर, ही रीतीची चूक. यंत्र बनवू इच्छिणाऱ्याने या दोन्ही नीट समजून घ्याव्यात, म्हणून पुढील विवेचन.

दाबाचे तत्त्व

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. त्याच्या आधारे जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली द्रवदाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आजचे मोटारीचे जॅक, ट्रॅक्टरची उचलयंत्रणा आणि खाणींवरील खोदयंत्रे ही सर्व याच कुळातील होत.

शिक्षक बंधुभगिनींना हा नियम वर्गात सहज दाखविता येईल. सुई काढलेल्या दोन सिरिंज, एक बारीक आणि एक जाड, पाण्याने भरून नळीने जोडाव्यात. बारीक सिरिंजचा दट्ट्या एका विद्यार्थ्याने दाबावा आणि जाड सिरिंजचा दुसऱ्याने रोखून धरावा. बारीक सिरिंजवाला हटकून जिंकतो. मात्र जाड दट्ट्या अगदी थोडा पुढे सरकतो, तेवढ्यात बारीक दट्ट्याचा प्रवास संपलेला असतो. जोर वाढतो तो अंतराच्या मोबदल्यात. येथे फुकट काहीच मिळत नाही.

जोर आणि वेळ यांचा हिशेब

दादांच्या यंत्रातील सिलिंडरचा आतील व्यास १०० मि.मी. आहे. म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौ.सें.मी. झाले. तेलाचा दाब दर चौ.सें.मी.ला १५० किलो ठेवला, तर ७८.५ गुणिले १५० म्हणजे सुमारे ११,७७५ किलो, अर्थात पावणेबारा टनांच्या आसपास जोर मिळतो. घरगुती कामातील बहुतेक सरळ रेषेच्या ओंडक्यांना तो पुरतो.

आता वेळेचा विचार. दट्ट्याची धाव ५० सें.मी. धरली, तर सिलिंडर भरण्यास सुमारे ३.९ लिटर तेल लागते. दर फेऱ्याला ८ घन सें.मी. तेल देणारा गिअर पंप १४४० फेऱ्यांच्या मोटारीला जोडल्यास मिनिटाला सुमारे ११.५ लिटर तेल मिळते. म्हणून दट्ट्या पुढे जाण्यास सुमारे २० सेकंद लागतात. परतताना दांड्याने काही जागा व्यापलेली असते. दांडा ५० मि.मी. जाडीचा असल्यास परतीला सुमारे १५ सेकंद पुरतात. यासाठी ५ अश्वशक्तीची मोटार लागते व तिला सामान्यतः तीन फेजची वीज हवी. घरी एक फेजच असेल तर ३ अश्वशक्तीची मोटार व त्या मानाने लहान पंप घ्यावा. जोर तेवढाच मिळेल, फक्त पुढे जाण्यास सुमारे अर्धे मिनिट लागेल. घाई नसलेल्याने हाच मार्ग पत्करावा.

सांगाडा : येथे काटकसर नको

पावणेबारा टनांचा जोर ओंडक्यावर येतो, तेवढाच तो उलट दिशेने तुळईवरही येतो, ही गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. शिवाय सिलिंडर तुळईच्या वर बसविलेला असल्यामुळे हा जोर तिला नुसता ताणत नाही, तर धनुष्यासारखा वाकवू पाहतो. सिलिंडरचा मध्य तुळईच्या माथ्यापासून ८० मि.मी. उंच धरून हिशेब केला, तर १५० मि.मी.च्या तुळईतील पोलाद पूर्ण दाबाखाली आपला आकार सोडण्याच्या अगदी सीमेवर येते. २०० मि.मी.ची तुळई घेतली, तर तोच ताण जवळजवळ निम्म्यावर येतो. दोहोंच्या वजनात फरक मीटरला सुमारे १० किलोंचा. तेवढे लोखंड वाचविण्याची किंमत काय पडली, ते वर सांगितलेच आहे.

तुळईच्या एका टोकाला पाचर पक्की बसवावी आणि दुसऱ्या टोकाला सिलिंडर. पाचरीसाठी २५ मि.मी. जाडीची व सुमारे २०० मि.मी. उंचीची पोलादी पट्टी योग्य होय. तिला कुऱ्हाडीसारखी धार लावण्याचे कारण नाही. पाचर रेषेत शिरली की लाकूड तिच्या पुढेच उकलत जाते. पाचरीच्या मागील बाजूस त्रिकोणी आधारपट्ट्या वेल्डिंगने जोडाव्यात. सिलिंडर मात्र तुळईला कदापि वेल्ड करू नये. उष्णतेने त्याची नळी वेडीवाकडी होते व आतील रबरी सील जळतात. तो जाड पिनेने बसवावा, म्हणजे प्रसंगी किंचित हलण्यास त्याला वाव राहतो. ज्याचा हात वेल्डिंगवर बसलेला नाही, त्याने एवढे काम तरी अनुभवी कारागिराकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

दोन्ही हात कळीवर

दादांच्या दुसऱ्या यंत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग दिसावयास सर्वांत साधा आहे. तुळईच्या दोन्ही बाजूंना त्यांनी उभ्या पट्ट्या जोडून ओंडक्यासाठी पाळण्यासारखी खोबण केली. त्यामुळे ओंडका हाताने धरण्याची गरजच उरली नाही. दुसरे असे की, दट्ट्या पुढे नेणारी कळ एक अडसर उचलून धरल्याशिवाय हलतच नाही. कळ उजव्या हाताने आणि अडसर डाव्या हाताने धरावा लागतो. कोणताही हात सुटला की स्प्रिंगच्या योगाने झडप मध्यावर येते आणि दट्ट्या जागच्या जागी थांबतो. दोन्ही हात कळीपाशी गुंतले म्हणजे चालविणाऱ्याचा एकही हात लाकडाजवळ जात नाही.

परंतु दुसरा माणूस जवळ असेल तर ही युक्ती निष्फळ ठरते. म्हणून नियम असा की, यंत्र चालू असताना त्याच्या जवळ एकच माणूस असावा. ओंडका ठेवणारा तोच आणि कळ ओढणाराही तोच. मदतनीसाने लाकूड आणून द्यावे व चार पावले दूर उभे राहावे. मुलांना त्या आवारात येऊच देऊ नये.

तेल, नळ्या आणि झडपा

तेलाची टाकी ३० ते ४० लिटरची असावी आणि पंपापेक्षा थोडी उंच असावी, म्हणजे पंपाला तेल ओढताना हवा लागत नाही. टाकीकडून पंपाकडे जाणारी नळी रुंद व आखूड ठेवावी. परतीच्या वाटेवर गाळणी बसवावी, कारण लोखंडाचा बारीक कीस पंपाचे आयुष्य खातो. आपल्या उष्ण हवेत ६८ श्रेणीचे हायड्रॉलिक तेल चालते. मोटारीचे जुने काळे तेल वापरू नये.

पंप आणि नियंत्रण झडप यांच्या दरम्यान दाब मर्यादित करणारी झडप असलीच पाहिजे. दाब १५० च्या वर जाऊ लागताच ती तेल टाकीत परत सोडते. गाठीचा ओंडका अडला की पुष्कळ जण ही झडप आवळून दाब वाढवितात. तसे करणे म्हणजे तुळई, नळ्या आणि स्वतःचा जीव यांचा एकदमच जुगार होय. दाबाच्या नळ्या कामाच्या दाबाच्या चौपट दाबाला फुटतील अशा प्रतीच्या घ्याव्यात. दाबमापक दिसेल असा बसवावा. मोटारीला अर्थिंग करावे आणि बंद करण्याचे बटण हाताच्या अंतरावर ठेवावे.

नळीला बारीक छिद्र पडून तेल उडत असेल, तर ते कोठून येते हे बोटाने चाचपून कधीही पाहू नये. एवढ्या दाबाची तेलाची धार त्वचेत सुईसारखी शिरते. जखम लहान दिसते, परंतु तेल आत पसरून हात निकामी होण्याची भीती असते. अशा वेळी घरगुती उपाय न करता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गळती शोधण्यास पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा, आणि तोही दुरून.

चाचणी

यंत्र तयार होताच ओंडका ठेवण्याची घाई करू नये. प्रथम दट्ट्या रिकामाच आठदहा वेळा पुढेमागे न्यावा, म्हणजे आतील हवा निघून जाते. नंतर दाब ५० वर ठेवून मऊ लाकूड फोडावे. सांधे व नळ्या तपासाव्यात. त्यानंतर १०० आणि अखेरीस १५० पर्यंत जावे. प्रत्येक टप्प्यावर मोटार बंद करून तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधावी व मध्ये फट पडते काय ते पाहावे. दादा आजही दर महिन्याला ही दोरी बांधतात. ज्या दोरीने पहिल्या यंत्राचा दोष महिनाभरात उघड झाला असता, ती तेव्हा बांधली गेली नाही, याची खंत त्यांच्या बोलण्यात अजून जाणवते.

कोणते लाकूड, कसे आणि कधी

ओंडका पूर्ण सुकण्यापूर्वी फोडणे सोयीचे. बहुतेक जातींचे लाकूड ओले असताना लवकर उकलते. शिवाय सालीतून पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही, म्हणून फोडलेले लाकूड अखंड ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर सुकते. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते व वर धूर होतो तो वेगळाच. लाकूड पावसाळ्यापूर्वीच फोडून, जमिनीपासून वर, वारा खेळेल असे रचून झाकल्यास तेवढ्याच कामाला कमी लाकूड पुरते. ही बचत यंत्राच्या जोराइतकीच मोलाची आहे. गाठीचे व पीळ पडलेले ओंडके कडेकडेने थोडे थोडे फोडावेत. खिळे वा तारा शिरलेले लाकूड यंत्रावर घेऊच नये.

यंत्र आले म्हणून झाडावर कुऱ्हाड मात्र चालवू नये. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ अन्वये खाजगी जमिनीतील झाड तोडण्यासाठीही सर्वसाधारणपणे वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक असते. वादळात पडलेली झाडे, काजूच्या बागेतील छाटणी आणि रीतसर तोडलेले लाकूड यांसाठीच हे यंत्र आहे.

दादांचा मुलगा आता स्वतः ते यंत्र चालवितो. गावातील पोदेर आणि भट्टीवाले त्याच्याकडे ओंडके आणून टाकतात. अडसर धरताना त्याच्या डाव्या हाताची अपुरी तर्जनी समोरच्याच्या नजरेस पडते आणि यंत्र पाहावयास आलेला माणूस आपोआप चार पावले मागे सरतो. दादा म्हणतात, "फलक लावण्याची मला गरजच पडली नाही." यंत्र बनविणाऱ्या वाचकांनी मात्र फलक अवश्य लावावा, तुळई मजबूत घ्यावी आणि आपली दहाही बोटे शाबूत ठेवून सरपणाची बेगमी करावी, एवढीच विनंती.