ताई, इलेक्ट्रिकल घेऊ का?

अगं, ऑप्शन फॉर्म भरायची मुदत संपत आली आणि तुझं अजून ‘कॉम्प्युटर वर टाकू की इलेक्ट्रिकल’ चाललंच आहे. काकू म्हणते, पोरीच्या जातीला खांब-तारा कशाला? मामा म्हणतो, हिंजवडीत एसीत बसावं. दोघांचं ऐकून घेतलंस, आता थोडं माझंही ऐक.

आपण मावळातल्या पोरी. पावसाळ्यात वळवण धरणापाशी गाड्यांची रांग लागते, पण ते धरण कशासाठी बांधलं हे फारसं कुणी विचारत नाही. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजगृह सुरू केलं, मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला. वळवण, लोणावळा, शिरोता इथं अडवलेलं पाणी मोठ्या पाइपांतून घाटाखाली सोडतात, उंची साधारण पाचशे मीटर. पंढरपूरकडे निघालेलं इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी असं कोकणात पाताळगंगेला मिळतं. मग ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरी आली, मुळशीच्या पाण्यावर भिरा. मुळशीत सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी गावं पाण्याखाली गेलीच. इंजिनिअर होणारीने तेही माहीत करून घ्यावं.

हे सगळं सांगते कारण चार वर्षांचा अभ्यासक्रम धरणापासून मुंबईपर्यंतच्या या एका वाटेवरच मांडलेला आहे. सेकंदाला एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली आलं की घट धरूनही चार मेगावॅटच्या वर वीज मिळते. हे गणित तुला बारावीच्या फिजिक्सवरही सुटेल. टर्बाइनला जोडलेला जनरेटर, पुढे ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ‘मशीन्स’. मुंबईकडे जाणारी लाइन, म्हणजे ‘पॉवर सिस्टीम’. लाइनवर झाड पडलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत ब्रेकर उघडायचा, म्हणजे ‘स्विचगिअर अँड प्रोटेक्शन’. आणि मागणी वाढली की पन्नास हर्ट्झ घसरू न देता पाण्याची झडप किती उघडायची, ते ‘कंट्रोल’. कुठलाही विषय डोक्यावरून जायला लागला की आधी विचार, हा या वाटेवर कुठे बसतो? पुढचं निम्मं सोपं होतं.

गणिताला मात्र पर्याय नाही. कॉम्प्लेक्स नंबर आणि मॅट्रिक्स पहिल्याच वर्षी पक्के कर. तिसऱ्या वर्षी फॉल्ट आणि लोड फ्लो आले की याच दोन्हींवर सगळं उभं असतं, आणि बॅकलॉगही इथंच साचतात.

आता लॅबचं. मुलं वायरी हातात घेतात आणि रीडिंगची वही तुझ्याकडे सरकवतात, ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणून. वही परत सरकव. सिंक्रोनायझेशनचं प्रॅक्टिकल तर स्वतःच्या हातानेच कर. तीन दिवे एकदम उजळतात, एकदम मंदावतात. जनरेटरचा वेग ग्रिडच्या जवळ नेशील तशी ही उघडझाप संथ होत जाते. तिन्ही पूर्ण विझले की त्या क्षणी स्विच टाकायचा. चुकलीस तर मशीन असा हिसका देतं की पायाखालची फरशी हादरते. फेझ म्हणजे काय, हे तेव्हा हाताला कळतं. पुढे व्हायव्हात कुणी काही विचारो.

काकूला सांग, १९४३ मध्ये ए. ललिता मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. अठराव्या वर्षी वैधव्य आलं होतं, पदरी लहानगी मुलगी होती. पुढे भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा वाटा होता. आज महावितरण-महापारेषणच्या उपकेंद्रांत बायका शिफ्ट करतात. सोपं आहे असं नाही. वादळात फीडर गेला की रात्री फोन येतो, आणि साइटवर नीट टॉयलेट नसतं. ते मागून घ्यायचं, लाजायचं नाही.

आणि कामाचं म्हणशील तर दिवसा सोलर भरपूर, संध्याकाळी नेमका भार वाढतो. म्हणून दिवसा पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. भिऱ्याला असा १५० मेगावॅटचा संच आहेच. २०२३ मध्ये टाटा पॉवरने शिरोत्याला १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॅटसाठी राज्य सरकारशी करार केला. तू पास होशील तेव्हा असल्या कामांना माणसं लागतील.

तुला रात्र-रात्र कोडिंगच करत बसावंसं वाटत असेल, तर खुशाल कॉम्प्युटर घे; माझा राग नाही. पण फक्त खांबांची भीती म्हणून इलेक्ट्रिकल खाली ढकलू नकोस.

आणि हो, फीचं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. काकांना म्हणावं, उद्याच वडगावला तहसीलमध्ये जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याचं बघा. ब्रँच कुठलीही घेतलीस तरी तो लागणारच.